'लेस' या शब्दास अनावृत पत्र

प्रति,
'लेस', जुने निर्धारक,
मुक्काम : सुपरमार्केटचा गल्ला

विषय : 'फ्यूअर' यांच्या हद्दीतील कथित अतिक्रमण

इंग्रजीत 'कमी' या अर्थाची दोन निर्धारके आहेत. मोजता येणाऱ्या वस्तूंच्या अनेकवचनापुढे 'फ्यूअर' आणि न मोजता येणाऱ्या पदार्थापुढे 'लेस', अशी वाटणी शालेय व्याकरणाने करून दिली आहे : 'फ्यूअर बुक्स', 'लेस मिल्क'. 'फ्यूअर मिल्क' कोणी म्हणत नाही. 'लेस बुक्स' मात्र सर्रास ऐकू येते, आणि शुद्धलेखनाचे पहारेकरी त्याची दखल फौजदारी गुन्ह्याच्या गांभीर्याने घेतात.

सातबारा काढून पाहिला, तर 'फ्यूअर' यांचा दावा तितकासा जुना निघत नाही. राजा आल्फ्रेडने इ. स. ८८८च्या सुमारास बोएथियसचा ग्रंथ जुन्या इंग्रजीत आणला. त्यात 'शब्द' या मोजता येणाऱ्या नामासोबत 'लेस'चेच जुने रूप आहे. तेव्हा ते नाम षष्ठीत असे, म्हणजे बांधणी 'शब्दांपैकी कमी' अशी. पुढे विभक्तीचे प्रत्यय झडले आणि 'लेस' थेट अनेकवचनाला भिडले. यावरचा सर्वांत जुना ज्ञात आक्षेप रॉबर्ट बेकर यांच्या १७७०च्या पुस्तकातला. शंभर या संख्येपुढे 'फ्यूअर' अधिक डौलदार व अचूक दिसते, असे त्यांचे मत होते, आणि ते त्यांनी 'मला वाटते' या थाटातच मांडले होते. नंतरच्या व्याकरणांत 'मला वाटते' गळाले. उरला तो नियम.

तो नियमही सगळीकडे चालत नाही. अंतर, काळ आणि पैसा यांपुढे शिष्ट इंग्रजीतही 'लेस'च येते : 'लेस दॅन टेन माइल्स', 'लेस दॅन फिफ्टी पाउंड्स'. मैल मोजता येतात हे खरे, पण इथे दहा सुटे मैल अभिप्रेत नसतात. एक सलग अंतर असते. अशा ठिकाणी 'फ्यूअर' घालणे म्हणजे शुद्धतेचा सोस.

खरा तंटा पेटला तो गल्ल्यावरच्या 'टेन आयटम्स ऑर लेस' या पाटीवरून. वस्तू मोजायच्याच असल्याने तिथे 'फ्यूअर' यांची बाजू बळकट आहे. ब्रिटनमधल्या टेस्कोने २००८ मध्ये 'अप टू टेन आयटम्स' अशा पाट्या लावायचे ठरवले. भूखंड दोन्ही पक्षकारांच्या हातून गेला.

उलट दिशेला असा वाद नाहीच. 'मेनी' आणि 'मच' वेगळे असले, तरी 'अधिक' म्हणायला एकटे 'मोर' पुस्तकांनाही चालते आणि दुधालाही. त्याच्यावर आजवर कोणी नोटीस बजावलेली नाही.

सबब, परीक्षेचा पेपर, नोकरीचा अर्ज आणि छापील मजकूर यांत मोजता येणाऱ्या वस्तूंपुढची जागा 'फ्यूअर' यांची समजावी. अंतर, काळ, पैसा आणि न मोजता येणारे सर्व काही 'लेस' यांच्याकडे कायम. रोजच्या बोलण्यातली वहिवाट पूर्वीपासूनची असल्याने तिला हरकत घेता येत नाही.

प्रत माहितीस्तव : 'मोर'