नक्की, नक्की!

पर्वतीच्या पायऱ्यांवर रोज भेटणारे एक गृहस्थ गेल्या महिन्यात म्हणाले, "या एकदा घरी चहाला." मी "नक्की, नक्की" म्हणालो. पुण्यात या शब्दांचा अर्थ काय होतो, ते त्यांनाही ठाऊक होतं. तरी खबरदारी म्हणून दुसऱ्या दिवसापासून मी अर्धा तास उशिरा जाऊ लागलो.

माणूस वाईट नाही हो. पण चाळिशीनंतर नवी मैत्री म्हणजे सगळं पहिल्यापासून सांगणं आलं: मूळ गाव कुठलं, नोकरी का सोडली, मूल एकच का. जुना मित्र असलं काही विचारत नाही. तो तीस वर्षं तोच विनोद सांगतो, आपण तीस वर्षं तेवढंच हसतो. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१८ साली हिशेब मांडला, की जिवलग मैत्री व्हायला २०० तासांहून अधिक सहवास लागतो. रोजची वीस मिनिटं धरली तर ६०० दिवस! तोवर माझे गुडघेच पायऱ्यांशी मैत्री तोडतील.

प्रेमाचं तर विचारूच नका. ॲपवर फोटो उजवीकडे सरकवणारं बोट, तिकडून 'हाय' आलं की घाईघाईने फोन पालथा घालतं. (रात्री अकराला तेच बोट तो हळूच सुलटा करतं, हा भाग वेगळा.)

परवा जरा चुटपुट लागली, म्हणून जुन्या वेळेला गेलो. गृहस्थ नव्हते. चौकशी केली, तर तेही महिनाभर तासभर लवकर येतात म्हणे.

मला फार राग आला आहे.