निरोगी ब्लूबेरी, मुक्काम शिक्रापूर

अंतिम वर्षाचा प्रकल्प म्हणजे संगणकाच्या विद्यार्थ्याने स्वतः निवडलेल्या समस्येवर स्वतःच्या अकलेने केलेले स्वतंत्र काम. ही व्याख्या अभ्यासक्रमातली झाली. व्यवहारात हे स्वातंत्र्य बहुधा चौघांत वाटून घेतात. एक जण कोड लिहितो, दुसरा रिपोर्ट, तिसऱ्याकडे मोटारसायकल असते आणि चौथा सह्या आणतो. यांत सर्वांत अवघड काम चौथ्याचे, कारण कोड इंटरनेटवर मिळतो, गाईड मात्र केबिनमध्येही मिळत नाहीत.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या अभियांत्रिकीच्या २०१९ पॅटर्नमध्ये प्रकल्पाचे दोन टप्पे आहेत, सातव्या सत्रात स्टेज १ आणि आठव्यात स्टेज २. पहिल्यात काय करणार ते सांगायचे, दुसऱ्यात ते केले असे सांगायचे. प्रत्यक्ष करण्यासाठी मधली दिवाळीची सुट्टी असते. पण पुणे-अहिल्यानगर महामार्गावरच्या शिक्रापूर पट्ट्यात तेव्हा घरी कांद्याची रोपे, उसाची तोड आणि पाहुणे असे तिन्ही एकदम येतात.

विषय निवडताना तो समाजोपयोगी आणि नावीन्यपूर्ण असावा अशी अट असते. त्यामुळे दरवर्षी तेच तीन-चार विषय निवडले जातात. चेहरा ओळखून हजेरी घेणारी यंत्रणा हा त्यांतला एक. ती ज्या वर्गात दाखवतात तिथे चेहरेच नसल्याने तिची अचूकता वादातीत राहते. दुसरा विषय स्मार्ट सिग्नलचा. थर्माकोलच्या चौकात चारही बाजूंनी खेळण्यातल्या गाड्या शिस्तीत उभ्या असतात आणि गर्दी मोजून हिरवा दिवा लागतो. पुणे-अहिल्यानगर महामार्गाला चाकणचा रस्ता मिळतो त्या शिक्रापूरच्या चौकात चाकण आणि रांजणगाव या दोन्ही एमआयडीसींचे कंटेनर येतात, शिवाय उसाच्या ट्रॉल्या आणि उलट्या बाजूने घुसणारा टेम्पो. टेम्पोचा डेटासेट उपलब्ध नसल्याने मॉडेलमध्ये तो घेतलेला नसतो. अहिल्यानगरहून निघालेले बाहेरचे परीक्षक, म्हणजे एक्स्टर्नल, त्याच चौकात अडकतात, ओरल दीड तास उशिरा सुरू होते आणि तेवढ्या वेळात विद्यार्थी वाहतूक नियंत्रणाची प्रस्तावना पाठ करून घेतो.

मातीची ओल ओळखून आपोआप पाणी देणारा प्रकल्प शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाकडे चालत येतो. आर्डुइनो आणि ओलीचा सेन्सर पुण्यातल्या बुधवार पेठेत स्वस्तात मिळतात. सेन्सरचे उघडे दोन दांडे ओल्या मातीत वीज वाहून काही आठवड्यांतच गंजतात. पण परीक्षा कुंडीत होते आणि दहा मिनिटांत संपते, तेवढ्यात काही गंजत नाही. चुलत्यांच्या विहिरीवर तर मोबाईल स्टार्टर कधीच बसलेला असतो. घोंगडीत पडल्या पडल्या एक मिस्ड कॉल दिला की मोटर चालू होते. चुलते प्रकल्प पाहून एकच विचारतात, ‘लाईट रात्रीचीच असते, त्याचं काय केलंय?’ हा प्रश्न रिपोर्टातल्या ‘फ्यूचर स्कोप’ या प्रकरणात ढकलला जातो. ते प्रकरण त्यासाठीच असते.

सर्वांत प्रतिष्ठेचा विषय म्हणजे पानाच्या फोटोवरून रोग ओळखणे. यासाठी ‘प्लँटव्हिलेज’ हा जगप्रसिद्ध संच वापरतात. त्यात ५४ हजारांहून अधिक फोटो, १४ पिके आणि निरोगी-रोगट मिळून ३८ वर्ग आहेत. सफरचंद, चेरी, पीच, रासबेरी अशी पिके त्यात आहेत. ब्लूबेरीही आहे, आणि ती फक्त निरोगी आहे. ऊस नाही, कांदा नाही. त्यामुळे शिक्रापूर पट्ट्यातला विद्यार्थी आईने खुरपलेल्या कांद्यावरचा करपा आणि उसावरचा तांबेरा ओलांडून परदेशी ब्लूबेरीची प्रकृती उत्तम असल्याचे सिद्ध करतो.

या संचावर २०१६ मध्ये झालेल्या मूळ संशोधनात ९९.३५ टक्के अचूकता मिळाली होती, आणि हा आकडा प्रत्येक रिपोर्टात सापडतो. बाहेरून मिळवलेले फोटो त्याच मॉडेलला दाखवले तेव्हा अचूकता ३१ टक्क्यांच्या आसपास घसरली, हेही त्याच संशोधकांनी त्याच लेखात लिहून ठेवले आहे. मात्र ते सारांशाच्या पुढे असल्याने रिपोर्टापर्यंत पोहोचत नाही. कारण साधे आहे. संचातली पाने तोडून एकरंगी कागदावर ठेवून टिपलेली आहेत, तर शेतातल्या पानामागे शेत असते. पुढे एका संशोधकाने पान पाहिलेच नाही. प्रत्येक फोटोतले पाठीमागच्या कागदाचे फक्त ८ बिंदू संगणकाला शिकवले, तरी ४९ टक्के उत्तरे बरोबर आली. पानाकडे न बघता पाठीमागचे बघून निकाल देण्याची ही रीत पुढे मूल्यमापनातही उपयोगी पडते.

मूल्यमापन ब्लॅक बुकचे, म्हणजे बांधलेल्या रिपोर्टाचे, होते. काळे कव्हर, सोनेरी अक्षरे, समास आणि पानाचे क्रमांक यांची तपासणी काटेकोर असते. एका ग्रुपच्या यूएमएल आकृतीत ‘शेतकरी’ या काडीमाणसाच्या जागी ‘रुग्ण’ राहिला होता, कारण आकृती सिनियरच्या हॉस्पिटल मॅनेजमेंटमधून आली होती. शेरा पडला, पण फॉन्टवर. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून सिनियरचे महत्त्व उतरले आहे. आता रिपोर्ट शुद्ध इंग्रजीत असतो आणि तो वाचून सर्वाधिक आश्चर्य ज्यांनी तो लिहिला त्यांनाच वाटते. आभारप्रदर्शन तेवढे अजून हाताने लिहितात. त्यात संस्थाचालकांपासून लॅब असिस्टंटपर्यंतचा क्रम चुकून चालत नाही, आणि ही जोखीम कुणी यंत्रावर सोडत नाही.

ओरलमध्ये दोन प्रश्न ठरलेले. डेटाबेस कोणता वापरला आणि यात तुझे काम काय? पहिल्याचे उत्तर चौघेही देतात. दुसऱ्याच्या वेळी चौघे एकमेकांकडे पाहतात आणि एक्स्टर्नल घड्याळाकडे. प्रात्यक्षिक एकाच लॅपटॉपवर चालते. दुसऱ्या यंत्रावर ते चालत नाही, पण दुसरे यंत्र कुणी मागतही नाही.

निकालानंतर एक प्रत विभागाच्या कपाटात जाते. सेन्सर कुंडीतून काढून ज्युनियरला निम्म्या किमतीत विकतात, असल्यास गंजासकट. कोड पेनड्राइव्हमधून फुकट दिला जातो. पुढच्या वर्षी त्याच प्रकल्पाच्या शीर्षकातले ‘डीप लर्निंग’ खोडून तिथे ‘जनरेटिव्ह एआय’ लिहितात आणि स्टेज १ चे सादरीकरण ऑगस्टमध्ये पार पडते.