पाटोद्यात प्रौढ बिघडले!

ऐकलंत का? तशी बाहेर बोलायची गोष्ट नाही, पण सगळ्या गावाला माहीत आहे म्हणून सांगते. पाटोद्यात हल्ली मोठी माणसं शिकायला लागलीत. पोरांचं एक समजू शकतं, पोरांना कुठंतरी बसवावंच लागतं. पण ज्यांच्या घरात सुना आल्या, ज्यांना पोथी वाचायला दोन चष्मे लागतात, त्यांनी वह्या-पुस्तकं धरायची? बरं, धरली तर धरली, निदान गुपचूप तरी! नाही. भाजी घेता घेता सांगतात, ‘ताई, परीक्षा आहे ओ माझी, जरा लवकर तोला.’ कुणी एम.ए. करतंय, कुणी एम.बी.ए. आणि एम.बी.ए.ला विषय कोणता, तर एच.आर.! गल्लीत दगड मारला तर एक तरी एच.आर.वाला ओरडेल, अशी वेळ आलीय.

सोयरिकी जमवणाऱ्यांची मात्र चंगळ आहे. पूर्वी ‘मुलगा शिक्षक आहे’ म्हटलं की चहाच्या आधीच पोहे यायचे. मग शिक्षकभरती थंडावली, डी.एड. झालेली पोरं पेट्रोल पंपावर दिसायला लागली, तेव्हा ‘इंजिनिअर आहे, पुण्याला’ हे सुरू झालं. आता ‘एच.आर.मध्ये आहे, चाकणला.’ अशाच एका बैठकीत म्हणे मुलीच्या आजोबांनी विचारलं, ‘म्हणजे नेमकं करतो काय पोरगं?’ पोरानं शांतपणे समजावलं, माणसं शोधायची, घ्यायची, कामाला लावायची, टिकवायची, नको झाली की काढायची. आजोबा सुपारी कातरत म्हणाले, ‘म्हणजे मुकादम की!’

झालं! मुलाच्या आईनं पदर तोंडाला लावला. वडील मोबाईलमध्ये काहीतरी शोधायला लागले. एवढी फी भरून पोरगं शेवटी मुकादम ठरलं, आणि तेही लोकांदेखत.

पण गावात बोलू नका, आजोबांचं काय चुकलं? बालाघाटाच्या माथ्यावरचा आपला तालुका. मांजरा नदी इथं उगम पावते आणि थांबायचं नाव न घेता खाली निघून जाते. पाणी जिकडं जात नाही तिकडं माणसं जातात, हा आपला हिशोब. दसऱ्याला सावरगावच्या मेळाव्याची गर्दी होते, दिवाळीचे दिवे लागतात न लागतात, की ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या कारखान्यांकडं, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर पार कर्नाटकात. ही सगळी भरती कोण करतं? पावसाळ्यातच उचल देऊन माणूस पक्का करतं कोण? कंपनीवाले त्याला जॉइनिंग बोनस म्हणतात, आपल्याकडं फरक इतकाच की तो फेडायचा असतो. कामाची मोजणी टनावर, अप्रेझल गाडी वजनकाट्यावर गेली की लगेच. नवरा-बायको मिळून एक कोयता. माणसं दोन, हात चार, मोजायचा नग एक! हा हिशोब कुठल्या विद्यापीठाच्या पुस्तकात आहे, दाखवा बरं. आणि हंगाम संपला तरी फिटत नाही अशी बाकी अंगावर ठेवली की माणूस पुढल्या वर्षी कुठं जातोय? त्यालाच म्हणे एच.आर.च्या पुस्तकात रिटेन्शन म्हणतात. २०२४च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, तेव्हा मुकादमाचं कमिशनही एका टक्क्यानं वर सरकलं. तेवढं भान कोणत्याही चांगल्या मॅनेजरला असतंच.

एक दिवस काम चुकलं की खाडा. नुसता पगार जात नाही, वर दंड. हे मात्र हसत सांगता येत नाही. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये म्हणून पिशवी काढून घेतलेल्या बायका आपल्याच जिल्ह्यात इतक्या निघाल्या की २०१९ साली सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. मनुष्यबळ विकासाच्या पेपरात हा प्रश्न किती मार्कांना येतो, ते त्या चाकणच्या जावयाला विचारायला पाहिजे. असो.

तर हे एच.आर.चं, म्हणजे मनुष्यबळ विकासाचं, शास्त्र म्हणे नवीन आहे. आपल्या देशात १९७५च्या सुमारास उदय पारीक आणि टी. व्ही. राव या अहमदाबादच्या आय.आय.एम.मधल्या दोन प्राध्यापकांनी लार्सन अँड टुब्रो कंपनीला त्याचा वेगळा विभाग मांडून दिला. मग दिल्लीलाच त्याचा मोह पडला. १९८५मध्ये शिक्षण खात्याची पाटी उतरवून ‘मनुष्यबळ विकास मंत्रालय’ लावलं, आणि त्या पाटीखाली पहिले बसले पी. व्ही. नरसिंह राव, तेव्हाचे आपल्या रामटेकचे खासदार. पस्तीस वर्षं ती पाटी टिकली. २०२० साली नवं शैक्षणिक धोरण आलं आणि पुन्हा ‘शिक्षण मंत्रालय’. आता गंमत बघा, दिल्लीनं जे टाकून दिलं ते नेमकं आपल्या पोरांनी उचललं. आपल्याकडं फॅशन सौताड्याचा घाट चढून येते, दम लागतोच.

एच.आर. निदान पोटापाण्याचं तरी आहे. त्याहून मोठा गहजब पुढं आहे. एक अंगणवाडीताई म्हणे प्रौढशिक्षणात एम.ए. करतायत! इग्नूचा अभ्यासक्रम, घरबसल्या. त्यांच्या मालकांना वाटलं होतं बाई कशिदा-बिशिदा शिकत असेल. पार्सलातून पुस्तकं निघाली तेव्हा ते म्हणाले, ‘प्रौढांना काय शिकवायचं? शिकायचं राहिलं म्हणून तर ते प्रौढ झाले!’ ताईंनी उत्तर दिलं नाही. त्या नोट्स काढत होत्या.

त्या नोट्समध्ये काय होतं, तेही कळलंय; आपल्याकडं वहीसुद्धा गुपित राहत नाही. माल्कम नोल्स नावाचा एक अमेरिकन गृहस्थ होता. १९७०च्या आसपास त्यानं मांडलं की मोठ्या माणसाला शिकवायची तऱ्हा वेगळी. त्याला आधी कळायला हवं की हे कशासाठी शिकायचं. तो रिकामा येत नाही, आयुष्याचा अनुभव घेऊन येतो, त्याला धरून शिकवा. हुकूम सोडाल तर तो उठून जाईल. रोजच्या अडचणीत उपयोगी पडणारं शिकवाल तर बसेल. ताईंनी हे वाचून दाखवलं तेव्हा चुलीपुढच्या सासूबाई म्हणाल्या, ‘येवढं सांगायला अमेरिकेहून माणूस आणला व्हय? मी काय सांगायले चाळीस साल!’ त्यांना परीक्षेला बसवलं असतं तर एक पेपर तिथंच सुटला असता.

या बिघडण्याचं मूळ शोधायला गेलात तर नाशिकला पोचाल. १९८९ साली तिथं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघालं. राम ताकवले पहिले कुलगुरू, आणि ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. आता गंगा घरात शिरली की चूल भिजणारच! बारावी नसली तरी ‘पूर्वतयारी’ करून बी.ए.ची वाट धरता यायला लागली. रविवारची संपर्कसत्रं सुरू झाली आणि कंडक्टर, होमगार्ड, शिपाई, सेविका असे सगळे एका बाकावर बसायला लागले. साहेब आणि शिपाई एकाच वर्गात, आणि शिपायाला मार्क जास्त. सोमवारी कचेरीत कुणी कुणाला चहा सांगायचा?

तरी पदवीवाले परवडले. २०२३ साली आणखी एक टूम आली. केंद्राच्या ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रमाखाली पंधरा वर्षांच्या पुढचा जो कुणी निरक्षर असेल त्याला हुडकायचं, शिकवायचं आणि परीक्षेला बसवायचं. हुडकायला शिक्षक. शिक्षकांच्या संघटना म्हणाल्या, आम्ही जनावरं मोजली, मतदार मोजले, आता आज्या मोजायच्या का, आणि बहिष्कार टाकला. शिकवायला स्वयंसेवक, बिनपगारी. म्हणजे घरातलीच नात. आठवीतली पोरगी आजीला ‘ग’ गिरवायला लावते आणि चुकलं तर डोळे वटारते, असं कलियुग आलं.

१७ मार्च २०२४ला राज्यभर परीक्षा झाली. दीडशे मार्कांची. वाचन पन्नास, लेखन पन्नास, संख्याज्ञान पन्नास. प्रत्येकात सतरा तरी पाहिजेत. दहा ते पाचच्या दरम्यान सवडीनं यायचं आणि बसायचं. सवडीनं! दहावीच्या पोरांना पाच मिनिटं उशीर झाला तर फाटक बंद, आणि आजीबाईंना भाकरी उरकून या म्हणतात. बीड जिल्हा म्हटला की परीक्षेपेक्षा कॉपीचीच चर्चा आधी होते, पण इथं कॉपी करणार कुणाची? शेजारच्या आजीलाही तेवढंच येतं.

मात्र तारीख बघितलीत का? मार्चचा मध्य! अहो, तेव्हा टोळ्या अजून फडात असतात. कोपीत चूल पेटलेली, उसाच्या वाढ्यांच्या मोळ्या बांधायच्या, पहाटे गाडी भरायची. ज्यांना अक्षराची सगळ्यात जास्त गरज, ते कारखान्यावर; आणि परीक्षा इथं गावात, मागं राहिलेल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांची. कुठल्या खात्याला आपला प्रौढ माणूस नोव्हेंबरात कुठं असतो आणि मार्चात कुठं, हे ठाऊक नाही. ठाऊक आहे ते एकट्या मुकादमाला. त्याच्या वहीत गाव, आडनाव, कोयता, उचल, सगळं असतं. प्रौढशिक्षणाच्या आणि मनुष्यबळाच्या असल्या-नसल्या सगळ्या पदव्या एका बाजूला आणि ती वही एका बाजूला. उद्या कुणी शहाणा म्हणेल, वर्ग कारखान्याच्या तळावर भरवा, संध्याकाळी, काट्याजवळ! मग चिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयनं कामं कधी करायची?

नाहीतरी हे खूळ काही आजचं नाही. १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली, तेव्हाही शहाण्यांच्या भुवया वर गेल्याच असतील. १९५९मध्ये साताऱ्याकडं ग्रामशिक्षण मोहीम निघाली. सगळं गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ, लग्न असावं तशी धामधूम. १९७८च्या गांधीजयंतीला केंद्रानं राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम काढला, दहा कोटी माणसं पाचेक वर्षांत साक्षर करायची ठरवून. दहा कोटी! १९८८ला पुन्हा साक्षरता अभियान. दर दहा-वीस वर्षांनी सरकारला आठवतं की मोठी माणसंही असतात, मग ते पुन्हा विसरतं. पुण्यातल्या शिक्षण संचालनालयाचंच बघा ना. आधी पाटीवर ‘अल्पसंख्याक आणि प्रौढ शिक्षण’ होतं, आता नुसतं ‘योजना’. प्रौढ पाटीवरूनच गेले!

ठाण्याकडं मुरबाड तालुक्यात फांगणे म्हणून गाव आहे. तिथं २०१६च्या महिला दिनाला योगेंद्र बांगर या शिक्षकांनी ‘आजीबाईंची शाळा’ काढली. साठीच्या पुढच्या बायका, गुलाबी नऊवारीचा गणवेश, पाठीला दप्तर. फोटो जगभर गेले. आपल्या इथल्या बायकांनी ते बघून एकच प्रश्न विचारला: साडी शाळा देते का आपल्यालाच घ्यायची? चौकशी सुरू आहे, म्हणजे लागण झालीच म्हणायची.

आता मुख्य लफडं सांगते. एवढा वेळ त्यासाठीच थांबवलंय तुम्हाला. ज्या बाईनं गेल्या साली ‘उल्लास’मध्ये नातीकडून आकडे शिकून घेतले, ती औंदा सुनेच्या जागी टोळीबरोबर गेली. गाडी काट्यावरून आली तशी हिनं पावती मागितली. मुकादमाला वाटलं, अंगठा करायचा असेल. ती वाचत बसली! मोठ्यानं, बोट ठेवून, एकेक आकडा. वर विचारती झाली, ‘सतरा टन म्हणलात, हितं तर एकोणीस हायेत की.’ टोळीतल्या बाकीच्यांनी पण पावत्या बाहेर काढल्या. शिकल्यासवरल्या माणसानं असं चारचौघांत वागावं का? संख्याज्ञानात सतरा मार्क मिळाले असते तरी पुरे होते, कुणी सांगितलं होतं जास्त घ्यायला?

आणि हे तर त्याच मुकादमाच्या घरचं आहे, त्यांच्या शेजारणीकडून कळलं. त्यानं पोराला हौसेनं एच.आर.ला घातलं होतं, धंदा पुढं चालवायला. पोरगं दुसऱ्या सेमिस्टरच्या सुट्टीत घरी आलं, बापाची वही उघडली आणि म्हणालं, ‘दादा, करार लेखी पाहिजे. बाईचा हिशोब तिच्या नावावर वेगळा पाहिजे. आणि खाडा बंद करावा लागतोय.’ दादा आता कॉलेजात फोन लावतायत, उरलेली फी परत मिळते का म्हणून.