पाहुणीने आजारी पडू नये

प्रति,
इमिग्रेशन, रेफ्यूजीज अँड सिटिझनशिप कॅनडा,
ओटावा.

विषय : लग्नाची बायको खरी की खोटी हे ठरेपर्यंत तिची दुखणी स्थगित ठेवण्याबाबत.

श्री. खातेसाहेब यांस सा. न. वि. वि.

‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण ज्या कुणा मराठी माणसाने रूढ केली, त्याने मामलेदार कचेरीपलीकडचं जग पाहिलं नसावं. सहा महिने म्हणजे त्याच्या दृष्टीने अतिशयोक्तीची कमाल होती. डिसेंबर २०१६ मध्ये कॅनडाचे तेव्हाचे इमिग्रेशन मंत्री जॉन मॅकॅलम यांनी आकडे मांडले: जोडीदाराला कायम निवास मिळावा म्हणून पती-पत्नीने कॅनडात राहून केलेल्या अर्जाला २६ महिने लागत होते आणि देशाबाहेरून केलेल्याला १८. म्हणजे म्हणीतले सहा महिने चारदा मोजूनही वर दोन उरतात. यापुढे बहुतेक अर्ज बारा महिन्यांत निकाली काढू, असं मंत्र्यांनी जाहीर केलं. म्हणीच्या दुप्पट वेळात काम करून देण्याचं वचन जगात कुठेतरी शुभवर्तमान ठरतं हे कळल्यावर मराठी अर्जदारांचा गावाकडच्या तलाठ्यावरचा राग बराच निवळला.

तक्रार नुसत्या वेळेची असती तर पत्र इथेच आटोपलं असतं. पण बारा महिन्यांत माणसाला ताप येतो. दाढ दुखते, पित्ताशयात खडे होतात, बर्फावरून पाय घसरून मनगट मोडतं. आणि लग्न नवं असेल तर दिवसही राहतात. खात्याच्या वेळापत्रकात यातल्या कशालाच रकाना नाही.

ऑन्टारिओ प्रांतातल्या ब्रॅम्प्टन किंवा मिसिसागा शहरातल्या भाड्याच्या तळघरात राहणारं एखादं मराठी जोडपं खात्याने डोळ्यांपुढे आणावं. अशी जोडपी एवढी आहेत की नाव द्यायची गरज नाही. नवरा कॅनडाचा नागरिक. तीन आठवड्यांची रजा काढून पुण्याला गेला आणि चारशे पानं उठवून लग्न करून परतला. बायको मागाहून पाहुणी म्हणून, म्हणजे व्हिजिटर व्हिसावर आली. दोघांनी मिळून कॅनडातूनच अर्ज भरला. देशाबाहेरून भरला असता तर ती कोथरूडला, हा मिसिसागाला आणि संसार व्हिडिओ कॉलवर, अशी गत झाली असती. एकत्र राहावंसं वाटलं, हा त्यांचा पहिला गुन्हा.

लग्न खरं असल्याचा पुरावा त्यांनी जोडला. मराठीतला विवाह नोंदणीचा दाखला आणि त्याचं प्रमाणित भाषांतर. अंतरपाटाचा फोटो, सप्तपदीचा फोटो, उंबरठ्यावर माप सांडतानाचा फोटो. दोघांच्या नावाचं बँक खातं, दोघांच्या नावाचं घरभाड्याचं करारपत्र, लग्नाआधीच्या गप्पांचे स्क्रीनशॉट. साखरपुडा आणि लग्न यांच्या दरम्यान ‘जेवलीस का?’ हा प्रश्न किती वेळा विचारला गेला, याची नोंद आता कॅनडा सरकारच्या दफ्तरी कायमची झाली. खोट्या लग्नांचा धंदा करणारे आहेत, तेव्हा खात्याने चौकशी करावी, खुशाल करावी. चारशे जणांना जेवताना जे कळलं, ते एका अधिकाऱ्याला कळायला वर्ष लागलं तरी हरकत नाही.

पैशांच्या बाबतीत मात्र खातं चौकशीची वाट पाहत नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये ठरलेल्या दराने जामीनदार नवऱ्याचं शुल्क, अर्जाचं शुल्क आणि कायम निवासाच्या हक्काचं शुल्क मिळून १,२०५ डॉलर होत होते. बोटांचे ठसे आणि फोटो यांचे ८५ डॉलर वेगळे. शिवाय बायकोला कायम निवास मिळाल्या दिवसापासून तीन वर्षं तिच्या मूलभूत गरजा आपण भागवू, असं हमीपत्र नवऱ्याने लिहून द्यायचं. संशयित बायकोसाठी बिनसंशय हमी!

यानंतर येते वैद्यकीय तपासणी. खात्याने नेमून दिलेल्या डॉक्टरकडे जाऊन छातीचा एक्स-रे, रक्त, लघवी तपासून घ्यायची, अर्थात स्वखर्चाने. तिची फुप्फुसं कशी आहेत, मूत्रपिंडं काय म्हणतात, हे खात्याला तिच्या सासूपेक्षा जास्त ठाऊक असतं. मात्र त्याच फुप्फुसांत जानेवारीत न्यूमोनिया झाला, तर खात्याची आणि तिची ओळख नसते.

याचं मूळ एका शब्दात आहे. १९८४ चा कॅनडा हेल्थ अ‍ॅक्ट हा त्या देशाचा अभिमानाचा कायदा. संसदेत तो एकमताने संमत झाला. सार्वत्रिकता, सुलभता अशी पाच तत्त्वं त्यात आहेत. रहिवासी कोण, याची व्याख्याही आहे: जो कायदेशीरपणे देशात राहू शकतो, ज्याने प्रांतात घर केलं आहे आणि जो नेहमी तिथे असतो, तो. वाक्य इथे थांबलं असतं तर तळघरातल्या सूनबाई त्यात चपखल बसल्या असत्या. पण पुढे शेपूट आहे: पर्यटक, वाटसरू आणि पाहुणे वगळून. आपल्याकडे पाहुण्याला पहिलं पान वाढतात. तिथे पाहुण्याला पंगतीतून उठवतात. बरं, पाहुणी तरी कसली? कणीक तीच मळते, केराचा डबा तीच बाहेर ठेवते, दारातला बर्फ तीच उपसते.

ऑन्टारिओ प्रांताच्या आरोग्यकार्डाचे नियम याहून रसाळ आहेत. कायम निवासाचा अर्ज केलेल्याला कार्ड मिळतं, पण अर्जदार पात्र आहे असं खात्याने कळवल्यानंतरच. म्हणजे गाठोडं पोचल्याची पोच पुरत नाही. कुणीतरी ते सोडून पाहावं लागतं. आता याच गल्लीतलं दुसरं घर पाहू. तिथला नवरा नागरिक नाही, तात्पुरत्या वर्क परमिटवर आलेला आयटीवाला आहे. ऑन्टारिओतल्या मालकाकडे किमान सहा महिने पूर्णवेळ नोकरी असली की त्याला कार्ड मिळतं, आणि त्याच्याबरोबर कायदेशीरपणे राहणाऱ्या त्याच्या बायकोलाही. थोडक्यात, परक्या नवऱ्याच्या बायकोला डॉक्टर, आणि नागरिक नवऱ्याच्या बायकोला ‘फाइल पाहणीखाली आहे’. पहिल्या घरातल्या नवऱ्याने राणीच्या नावाने शपथ घेऊन नागरिक होण्याची घाई केली, हा या जोडप्याचा दुसरा गुन्हा.

खातं अगदीच निष्ठुर आहे असं मात्र कुणी म्हणू नये. डिसेंबर २०१४ मध्ये, रांग फारच लांबल्यावर, देशात राहून अर्ज करणाऱ्या जोडीदारांना निकालाआधीच काम करण्याचा परवाना देण्याचा प्रयोग सुरू झाला. परवाना मिळाला की सहा महिन्यांची पूर्णवेळ नोकरी शोधायची, मालकाचं पत्र आणायचं, की तिला स्वतःच्या हक्काचं कार्ड. योजना उत्तम आहे. फक्त आजारपणाचा हक्क मिळवण्यासाठी आधी आठवड्याचे पाच दिवस ठणठणीत असावं लागतं. सातव्या महिन्याच्या गरोदर बाईला सहा महिन्यांची नोकरी कोण देतं, एवढं खात्याने एकदा कळवावं.

गरोदरपणाचं गणित तर खात्याच्या गणिताशी कधीच जुळलेलं नाही. एका बाजूला चाळीस आठवडे, दुसऱ्या बाजूला बारा महिने. २६ महिन्यांच्या काळात तर डोहाळजेवण, बाळंतपण, बारसं, उष्टावण आणि पहिलं पाऊल एवढं सगळं उरकून पोर ‘आई कुठाय?’ विचारू लागायचं, आणि आईची फाइल जागेवरच. बाळ कॅनडात जन्मलं म्हणून जन्मतः नागरिक, त्याला कार्ड. ज्या देहातून ते बाहेर आलं, तो देह पाहुणा, त्याला बिल. सिझेरियन झालं तर ऑपरेशनच्या टेबलावर एकाच वेळी एक विमाधारक आणि एक बिनविम्याची अशा दोन व्यक्ती असतात. प्रवाशांसाठीच्या खासगी विम्याची पॉलिसी वाचावी, तर त्यात जुनी दुखणी आणि बाळंतपण बहुधा ‘यात समाविष्ट नाही’ या यादीत असतं.

न्यायाने हेही नोंदवायला हवं, की ऑन्टारिओतल्या सुईणी, म्हणजे तिथल्या प्रशिक्षित मिडवाइफ, प्रांतात राहणाऱ्या बाईकडे कार्ड नसलं तरी सेवेचे पैसे घेत नाहीत. सामुदायिक आरोग्य केंद्रंही अशा लोकांना तपासतात. कोविडच्या काळात, मार्च २०२० मध्ये, तर प्रांताने कमालच केली. नव्या रहिवाशांना लागणारी तीन महिन्यांची वाट रद्द केली आणि विमा नसलेल्यांच्या रुग्णालयातल्या उपचारांचा खर्चही उचलला. आभाळ कोसळलं नाही. ३१ मार्च २०२३ ला दुसरी सोय बंद झाली. साथ सरली होती. पाहुण्यांचे आजार सरले नव्हते.

विचारायला जावं तर टोलवाटोलवी. १८६७ च्या राज्यघटनेने रुग्णालयं प्रांतांकडे दिली आणि परदेशी माणसाला नागरिक करणं ओटावाकडे. प्रांत म्हणतो, ओटावाने शिक्का मारावा, मग कार्ड देतो. ओटावा म्हणतं, आरोग्य हा प्रांताचा विषय. दोघंही घटनेप्रमाणे बरोबर, आणि मधल्यामध्ये ताप १०३.

क्युबेकने तर थेट रांगेलाच बांध घातला. २६ जून २०२४ पासून दोन वर्षांत कुटुंबीयांसाठीची फक्त १३,००० हमीपत्रं स्वीकारू, असं त्या प्रांताने ठरवलं; त्यातली १०,४०० जोडीदार आणि सज्ञान मुलांसाठी. नव्या स्थलांतरितांचं प्रमाण आटोक्यात ठेवायचं, हे कारण. पण लग्न झालेलीच असतात. कोटा संपला म्हणून ती मोडत नाहीत. ती नुसती वाट पाहतात.

खातेसाहेबांच्या देशात २००४ मध्ये सीबीसी वाहिनीने ‘सर्वश्रेष्ठ कॅनेडियन’ निवडण्यासाठी मतदान घेतलं, तेव्हा टॉमी डग्लस पहिले आले. सस्कॅचेवान प्रांतात १९६२ मध्ये सरकारी आरोग्यविमा सुरू झाला, त्याचे हे जनक. मूळचे स्कॉटलंडचे. लहानपणी आईबापांबरोबर विनिपेगला आले. पायाचं हाड सडू लागलं होतं आणि तज्ज्ञाचे पैसे घरात नव्हते. विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया पाहू द्याल तर फुकट करतो, असं एक सर्जन म्हणाला, म्हणून पाय वाचला. उपचार नशिबावर सोडू नयेत, हे डग्लस तिथे शिकले. परदेशातून आलेल्या, खिशात पैसे नसलेल्या एका मुलाच्या पायावर हा आरोग्यविमा उभा आहे. त्याच दारात आज नव्याने आलेल्या सुनेला फाइल क्रमांक विचारतात.

पैशांचं म्हणाल तर तो हिशेबही खात्याने स्वतःच केलेला आहे. २००२ मध्ये अमलात आलेल्या इमिग्रेशन कायद्याप्रमाणे इतर अनेक अर्जदारांना ‘उपचारांचा खर्च फार होईल’ या कारणाने नाकारता येतं, पण नागरिकाच्या किंवा कायम रहिवाशाच्या जोडीदाराला या कारणाने नाकारता येत नाही. म्हणजे तिच्या दुखण्याचा खर्च देशाने करायचा, हे आधीच ठरलं आहे. प्रश्न फक्त कोणत्या तारखेपासून एवढाच. तारीख जितकी पुढे, तितकी सरकारची बचत. ही बचत कुठल्या धोरणात लिहिलेली नाही, कुठल्या मंत्र्याने मागितलेली नाही. ती फाइल पडून राहिल्यामुळे होते आणि तिचं बिल तळघरात पोचतं.

वाट पाहणाऱ्या माणसाला औषध कसं द्यावं, हे खात्याला येत नाही असंही नाही. आश्रय मागणाऱ्यांचा निकाल लागेपर्यंत त्यांच्या उपचारांसाठी केंद्राचीच अंतरिम आरोग्य योजना आहे. २०१२ मध्ये तिला कात्री लावली, तेव्हा २०१४ मध्ये संघीय न्यायालयाने ती कपात ‘क्रूर आणि असामान्य’ ठरवली, आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये योजना पूर्ववत झाली. रांग हलवणंही जमतं. सप्टेंबर २०२० मध्ये ताटातूट झालेल्या जोडप्यांची ओरड वाढल्यावर खात्याने जोडीदारांच्या अर्जांवर निर्णय घेणारे अधिकारी ६६ टक्क्यांनी वाढवल्याचं जाहीर केलं होतं.

तेव्हा विनंती एवढीच. चौकशी हवी तितकी करावी. अंतरपाटाचा फोटो भिंगाखाली धरून पाहावा. पण अर्ज पूर्ण असल्याची पोच ज्या दिवशी दिली जाते, त्याच दिवशी प्रांताला एक ओळ कळवावी, आणि प्रांताने त्या पोचेवर कार्ड द्यावं. पुढे लग्न खोटं निघालं, तर कार्ड परत घ्यावं. खऱ्या निघालेल्या लग्नातल्या बाईला मधल्या वर्षाचा ताप मात्र परत घेता येत नाही.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

तळघरातील अर्जदारांच्या वतीने,
एक मराठी शेजारी

ता. क. : अर्जासाठी केलेल्या वैद्यकीय तपासणीची मुदत बारा महिने असते. निकाल त्यापुढे गेला, की एक्स-रे, रक्त, लघवी सगळं पुन्हा करायला सांगितलं जाऊ शकतं. तोही खर्च पाहुणीचाच.