गच्चीवरचा बंब

सोलर म्हणजे गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून बसवलेले, उन्हावर पाणी तापवणारे यंत्र. तिरक्या चौकटीत काळसर काचनळ्या आणि त्यांच्या माथ्यावर आडवी टाकी, एवढाच त्याचा पसारा. नळी दुहेरी काचेची असते. दोन काचांमधली हवा थर्मासप्रमाणे काढून टाकलेली असते आणि आतल्या काचेवरचा काळा लेप ऊन शोषतो. नळीतले पाणी तापले की हलके होऊन टाकीत चढते व टाकीतले गार पाणी त्याच्या जागी उतरते. याला पंप लागत नाही, वीज लागत नाही, कोणाला पहाटे उठावेही लागत नाही. तांब्याच्या बंबात पाणी तापले नाही तर जळण कोणी घातले नाही, याची चौकशी करता येत असे. सोलरमुळे ही सोय गेली असे प्रथम वाटते. पण घराघरांनी त्यावरही मार्ग काढला आहे.

ही कल्पना जुनीच. अमेरिकेत लोक काळी रंगवलेली टाकी उन्हात ठेवून आंघोळीचे पाणी काढत. बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्प यांनी १८९१ मध्ये अशा टाक्या काचेचे झाकण असलेल्या पेटीत बसवून ‘क्लायमॅक्स’ या नावाने विकायला काढल्या. त्यांचे पाणी संध्याकाळी गरम आणि सकाळी गार असे. १९०९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या विल्यम बेली यांनी तापवायचा भाग आणि साठवायची टाकी वेगळी केली, टाकीला जाड आवरण घातले आणि रात्रीचा प्रश्न सोडवला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या जयसिंगपुरात केम्प यांच्याही आधीची पद्धत बेली यांच्या पद्धतीशेजारी एकाच गच्चीवर नांदते. गार पाण्याची काळी प्लास्टिकची टाकी एप्रिल-मे महिन्यांत अशी तापते, की विसण म्हणून घ्यायचे पाणीच कढत येते.

जयसिंगपूर ही राजर्षी शाहू महाराजांनी वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने आखून वसवलेली पेठ. रस्ते सरळ आहेत आणि गल्ल्या क्रमांकाने ओळखल्या जातात. घरांची तोंडे गल्ली नेईल तिकडे वळलेली. सोलर मात्र सगळे दक्षिणेकडे. दक्षिणेचे दार नको म्हणून चांगला प्लॉट सोडणारे गृहस्थही याला हरकत घेत नाहीत. कारण भूगोलाचे आहे. गाव १७ अक्षांशाच्या जरा खाली असल्याने डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ५० अंशांवर असतो, आणि गरम पाण्याची निकड तेव्हाच असते. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकतो. त्या काळात सोलर त्याच्याकडे थोडी पाठ फिरवून बसलेला असतो.

१०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला सुमारे ४ युनिट वीज लागते. सूर्य तेवढी उष्णता फुकट देतो. फक्त वेळ स्वतःची ठरवतो. पाणी सर्वांत कडक होते दुपारी चारच्या सुमारास, आणि त्या वेळी आंघोळ करणारे घर अजून पाहण्यात नाही. आंघोळ सकाळीच, देवपूजेआधी. त्यामुळे जयसिंगपूरकर आंघोळ करतात ती कालच्या उन्हावर. आदल्या संध्याकाळी भांडी घासताना गरम नळ कोणी सोडला होता, हे सकाळी सात वाजता, साबण लावून झाल्यावर कळते. बंबाच्या काळातली चौकशी इथून पुन्हा सुरू होते.

गच्चीपासून न्हाणीघरापर्यंत अर्ध्या इंची पाइप २० मीटर असला तर त्यात साडेतीन लिटर गार पाणी अडकलेले असते. पहाटे पहिला उठणारा ते काढतो आणि बाकीचे त्याचा लाभ घेतात. पहिले बहुधा आजोबा असतात.

“कडक पाणी आलं काय?”

“येतंय बघा. सोडा अजून जरा.”

हा संवाद रोजचा आहे. निघालेले गार पाणी बादलीत धरावे की सोडून द्यावे, यावर घरात दोन पक्ष असतात. नरकचतुर्दशीला सूर्योदयाआधी सगळ्या घराला, शिवाय माहेरवाशिणी आणि जावयांना, त्याच २०० लिटरच्या टाकीतून अभ्यंगस्नान करायचे असते. पहिला मान जावयाचा, त्यामुळे तो साडेतीन लिटरचाही धनी.

पावसाळ्यात जिल्ह्याची वाटणी अशी: पाऊस राधानगरीकडे, पूर शिरोळ तालुक्यात नदीकाठी आणि जयसिंगपूरच्या वाट्याला ढग. नृसिंहवाडीला पुराचे पाणी दत्तमंदिरातून वाहून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते आणि दक्षिणद्वार सोहळा होतो, त्या दिवसांत पाणी सगळीकडे असते, फक्त गरम नसते. त्यासाठी टाकीत विजेची कॉइल असते. ती २ किलोवॅटची असली तर २०० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला जवळजवळ तीन तास घेते आणि सुमारे ६ युनिट खाते. एका माणसाच्या आंघोळीसाठी ती चालू करणाऱ्याला बिल येईपर्यंत घरात मान असतो.

मे महिन्यात उलटे होते. घरचे लोक गावाला, टाकी भरलेली आणि ऊन कडक. पाणी उकळते, त्याची वाफ जायला टाकीवर एक उघडी नळी ठेवलेली असते, ती बुजवायची नाही. जाण्यापूर्वी काचनळ्यांवर गोणपाट टाकले की काम भागते.

देखभाल थोडीच. बोअरच्या जड पाण्याचे क्षार नळ्यांत साठतात, ते काढावे लागतात. गळीत हंगामात उसाच्या फडाची काजळी काचेवर बसते, ती पुसावी लागते. क्रिकेटचा चेंडू मात्र अचानक येतो. एक नळी फुटली तरी तिच्या भोकातून टाकीतले सगळे पाणी गच्चीवर उतरते आणि पाठोपाठ गार पाण्याची टाकीही रिकामी होऊ लागते. अशा वेळी चेंडू कोणाचा हे शोधण्याआधी सोलरकडे येणाऱ्या गार पाण्याचा कॉक बंद करावा. तो गच्चीवरच असतो, आणि नेमका कुठे आहे हे घरातल्या निदान दोन माणसांना माहीत असावे.