भाव सांगणारे गृहस्थ

न्यू जर्सीत आमच्या शेजारी एक निवृत्त अमेरिकन गृहस्थ राहतात. बेसबॉलच्या जुन्या कार्डांचा भाव सांगणं हा त्यांचा छंद की धंदा, हे त्यांच्या सौभाग्यवतींनाही अजून कळलेलं नाही. ‘धंदा असता तर चार पैसे दिसले असते,’ एवढंच त्या म्हणतात.

रविवारी कुणी ना कुणी बुटांचं खोकं घेऊन दारात उभं असतं. वडील वारले, माळ्यावर हे सापडलं. गृहस्थ खोकं उघडत नाहीत. आधी विचारतात, ‘साल?’ समोरचा १९८९ म्हणाला की वडिलांच्या बातमीने हललं नव्हतं ते त्यांचं तोंड एकदम उतरतं. त्या सुमारास कंपन्यांनी वारेमाप कार्डं छापली आणि लोकांनी ती जिवापाड जपली. ‘वडिलांनी एकही फेकलं नाही ना? तिथेच घात झाला. कुणाच्याच वडिलांनी फेकलं नाही.’

बेसबॉलपटू मिकी मँटलचं १९५२ सालचं टॉप्स कंपनीचं कार्ड महाग का, तर तेव्हाच्या आयांनी मुलांची खोकी बिनदिक्कत कचऱ्यात टाकली. जगातल्या समस्त आयांचे आपल्या धंद्यावर उपकार आहेत, असं गृहस्थ मानतात. अपवाद स्वतःच्या आईचा. तिला अजून माफी नाही. टॉप्सच्या साय बर्गरने त्या संचाचा न खपलेला माल १९६० साली अटलांटिकमध्ये बुडवला, असं तो स्वतःच सांगायचा. या गृहस्थांना समुद्रावर नेलं की बाकीचे लाटा बघतात, हे हिशेब करतात. त्या संचातलं एक जवळजवळ निर्दोष मँटल २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं.

मग तपासणी. दिव्याखाली भिंग. चारही कोपरे, कडा, चित्राभोवतीची पांढरी पट्टी दोन्हीकडे सारखी आहे का, कुठे घडी, कुठे च्युइंगमचा डाग. एक ते दहा अशी श्रेणी. उपवर मुलीची आईसुद्धा स्थळाकडे इतकं निरखून पाहत नसेल. विषय होनस वॅग्नर या जुन्या खेळाडूवर आला तर मात्र संध्याकाळ गेली. त्याचं १९०९ ते १९११ मधलं सिगारेटच्या पाकिटातलं कार्ड. आज पाच-सहा डझन उरली असतील. त्यातलं एक १९९१ साली हॉकीपटू वेन ग्रेट्झकी आणि त्याच्या भागीदाराने ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतलं. त्या कार्डाच्या कडा आपण कापल्या होत्या, अशी कबुली बिल मास्ट्रो या व्यापाऱ्याने २०१३ साली दिली. ‘कापलेलं!’ म्हणताना गृहस्थांचा आवाज असा चढतो की जणू यांचंच नाक कापलं.

एवढं झालं तरी भाव सांगितलेला नसतो. कारण अजून एक प्रश्न बाकी असतो: ‘विकायचंय, की विमा उतरवायचाय?’ विम्याचा आकडा वेगळा, दुकानदार देईल तो वेगळा. घटस्फोट चालू असेल तर तिसरा, आणि तो नवऱ्याने विचारला की बायकोने, यावर चौथा. इंटरनेटवर अमुक किंमत पाहिली, असं कुणी म्हणालं तर ते दयेने बघतात. ‘ती मागितलेली. कुणी दिली का?’ दुसऱ्याच्या वस्तूबद्दल इतकं रोखठोक बोलणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

त्यांच्या स्वतःच्या कपाटात एक मँटल आहे. मधोमध घडी, एक कोपरा गायब. आईच्या तावडीतून एवढंच सुटलं. दुसऱ्या कुणी आणलं असतं तर ‘एक’ म्हणून परत केलं असतं. पण एक श्रेणीचं मँटलसुद्धा घराचं छप्पर बदलून देईल, हे त्यांनीच एकदा बेसावधपणे सौभाग्यवतींना सांगून टाकलं. तेव्हापासून छप्पर गळायला लागलं की घरात याच विषयावर चर्चा होते. ‘ती घडी मी घातलेली आहे,’ हे त्यांचं उत्तर. त्या घडीचे किती वाढवायचे, हे कुठल्याच भावपुस्तकात नाही.

तुमच्याकडे १९५२ सालचं मँटल असेल, तर त्यांचं दार वाजवण्यापूर्वी घरीच फूटपट्टी लावा. टॉप्सने १९८३ साली तो संच पुन्हा छापला आहे, आणि ती कार्डं मुळापेक्षा लहान आहेत.