एका दमात आठ!

ऐकलंत का? अमेरिकेतल्या क्विल्टवाल्या बायकांनी त्रिकोण कापणंच सोडलंय म्हणे! क्विल्ट त्रिकोणांचं करायचं, पण त्रिकोण कापायचे नाहीत. काय दिवस आलेत!

एक गडद आणि एक फिकट त्रिकोण जोडून होणारा चौकोन म्हणजे हाफ-स्क्वेअर ट्रँगल, लाडाने ‘एचएसटी’. पूर्वीची सरळमार्गी बाई एकेक त्रिकोण कातरीने कापायची, मग जोडायची. 1979मध्ये जपानच्या ओल्फा कंपनीने गोल पात्याचा रोटरी कटर काढला आणि बायका चेकाळल्या. दोन चौकोन सुलट बाजू आत घेऊन एकावर एक ठेवायचे, कर्णाच्या दोन्ही अंगांना पाव इंचावर शिवायचं, मधून कापायचं. एका दमात दोन! इथवर चालवून घेतलं असतं.

पण हाव सुटली की सुटली. एका गटाने चारही कडा शिवल्या आणि दोन्ही कर्णांवर कटर चालवला. एकदम चार! फक्त कडा सगळ्या उरेब. इस्त्री फिरली की चौकोन असा ताणतो, की शेजारच्याशी त्याचं जन्मात जमत नाही. म्हणून कापडाला आधीच कडक खळ. भानगडी खळीने झाकायच्या, हा कुठला रिवाज?

आता बोलबाला ‘मॅजिक एट’चा. दहा इंची दोन चौकोन, दोन्ही कर्णांच्या दोहो बाजूंनी शिलाई. मग एक उभा, एक आडवा आणि दोन तिरके काप. आठ! कडाही सरळ धाग्यावर. अशा 8 जोड्या म्हणजे 64 चौकोन, बाळाच्या 32 इंची क्विल्टचा वरचा थर. चहाच्या आत उरकलं!

कुठलं उरकलं! प्रत्येक चौकोन भरतो 4⅝ इंच, आणि हवा असतो साडेचार. तेवढ्या दोऱ्याएवढ्या फरकापायी 64 चौकोनांच्या चार-चार कडा छाटायच्या. म्हणजे 256 वेळा कटर! वर शिवण नेमकी बसावी म्हणून खाचेची खास पट्टी विकत घ्यायची. शिलाईत वाचवलेली दुपार छाटणीत गेली, ती गेलीच.

आणि कळस ऐका. एखादी म्हणे मोजून 4⅞ इंचाचे चौकोन कापते, पाव इंचाला धागाभर कमी शिवते, दोनच काढते आणि तिला छाटावंच लागत नाही! ना खळ, ना खाचेची पट्टी. असल्या बाईला चारचौघींत बसू द्यायचं का, तुम्हीच सांगा!